मजुरीवरचा माग आणि स्वतःचा शिक्का: छोटी विमान कंपनी स्वस्तात का उडत नाही

सोलापूरच्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: होटगी रोडवरून विमानं सुरू झाली, आनंद आहे. पण मोठ्या कंपन्या मुंबई–दिल्लीला जो दर लावतात, त्याच्या आसपासचा दर कधीकधी इथून मुंबईला पडतो. छोट्या प्रादेशिक कंपनीनं कुणाचा हात न धरता, स्वस्त दराची कंपनी म्हणून मोठ्यांशी टक्कर द्यायची म्हटली तर घोडं अडतं कुठे? आणि सरकारी मदत संपल्यावर आपलं विमान राहणार का?

तुमच्याच धंद्यातून सुरुवात करू. यंत्रमाग दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक म्हणजे मजुरीवर: सूत व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा, तुम्हाला विणाईचे पैसे. सूत महागलं तर डोकेदुखी त्याची, माल पडून राहिला तर गोदामही त्याचंच. दुसरी तऱ्हा म्हणजे सूत स्वतः घ्यायचं, चादरीवर स्वतःचा शिक्का मारायचा आणि बाजारात स्वतः विकायची. माग तोच, कामगार तेच, पण धंदा पूर्ण वेगळा.

अमेरिकेतल्या बहुतेक प्रादेशिक विमान कंपन्या मजुरीवर चालतात. विमानावर नाव मोठ्या कंपनीचं, तिकीट तीच विकते, दर आणि वेळापत्रक तीच ठरवते, इंधनाचं बिल बहुधा तीच भरते. छोट्या कंपनीला ठरलेल्या उड्डाणांचे ठरलेले पैसे मिळतात. सीट रिकामी गेली तरी तिचं काही जात नाही. नफा बेताचा, पण झोप शांत लागते. ‘स्वतंत्र’ होणं म्हणजे मजुरी सोडून स्वतःचा शिक्का मारणं. इंधनाचा भाव, रिकाम्या सीटा, जाहिरात, तिकीटविक्री, सगळी जोखीम त्या दिवसापासून तुमची. खर्चाचा साचा मात्र मजुरीच्या काळातलाच राहतो.

हे करून पाहिलेली एक कंपनी आहे. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स ही युनायटेड आणि डेल्टासाठी उड्डाणं करायची. २००४ च्या जूनमध्ये तिनं ‘इंडिपेंडन्स एअर’ या नावानं वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून स्वतःची स्वस्त सेवा सुरू केली. हाताशी विमानं कोणती? मजुरीच्या काळातली, ५० सीटची छोटी जेट. डलेस हा युनायटेडचा बालेकिल्ला. युनायटेडनं त्याच मार्गांवर दर खाली आणले, त्याच काळात तेल महागलं. ५० सीटच्या जेटला स्वस्त तिकीट विकून इंधनसुद्धा परवडेना. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि ५ जानेवारी २००६ ला शेवटचं उड्डाण. २००७ मध्ये एक्सप्रेसजेटनं ५० सीटच्या जेटवरच स्वतःच्या नावाची सेवा काढली आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये आवरती घेतली. व्यवस्थापन मूर्ख होतं म्हणून हे झालं नाही. गणितच तसं आहे, आणि ते आपल्याकडच्या एटीआरवरही मांडता येतं.

पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. एटीआर ७२ हे पंख्याचं, म्हणजे टर्बोप्रॉप विमान, ७२ सीटा, साधारण एक तासाची खेप. इंधन ७५० किलो, म्हणजे सुमारे ९४० लिटर; लिटरला ९० रुपये धरले तर ८५ हजार रुपये. विमानाचं भाडं महिन्याला दीड लाख डॉलर, डॉलर ९० रुपयांचा, म्हणजे १ कोटी ३५ लाख. रोज ८ खेपा, महिन्याला २४०, तर खेपेला ५६ हजार. इंजिन, प्रोपेलर, चाकं यांच्या दुरुस्तीसाठी ताशी बाजूला काढायची रक्कम ७०० डॉलर, म्हणजे ६३ हजार. वैमानिक, केबिन क्रू, जमिनीवरची माणसं, विमा, विमानतळाची बिलं, ऑफिस मिळून एक लाख. बेरीज ३ लाख ४ हजार.

७२ सीटांवर वाटलं तर सीटमागे ४,२२० रुपये. पण ७२ सीटा रोज भरत नाहीत. ५० माणसं बसली, म्हणजे ७० टक्के, तर माणशी ६,०८० रुपये. तिकीट सरासरी तीन हजारांना विकलं तर जमा दीड लाख, खर्च तीन लाख. आता यातल्या २४० खेपांच्या जागी १५० करून बघा. विमानाचं भाडं खेपेला ५६ हजारांवरून ९० हजारांवर जातं. माग बंद ठेवला म्हणून शेडचं भाडं थांबत नाही, तसंच.

मोठ्या विमानाशी तुलना करताना लोक पहिलं बोट इंधनाकडे दाखवतात. ते चूक आहे. ए३२० निओ ताशी साधारण २,४०० किलो इंधन खातं, पण त्यात १८६ सीटा असतात. सीटमागे १३ किलो. एटीआरचं सीटमागे साडेदहा किलो, म्हणजे एटीआर कमीच खातं. अडचण इंधनाची नाही, ‘विमानामागे एक’ असलेल्या प्रत्येक खर्चाची आहे. दोन वैमानिक ७२ जणांमागे आणि दोनच वैमानिक १८६ जणांमागे. एक इंजिनिअर, एक शिडी, एक टोइंगचा ट्रॅक्टर, एक स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ), दोन्हीकडे सारखंच. शिवाय मोठी कंपनी ए३२० दिवसाला बारा-बारा तास फिरवते. छोट्या गावांच्या जोड्यांवर, तासाभराच्या खेपा आणि दर खेपेनंतर २५–३० मिनिटांचा मुक्काम धरून, एटीआरला आठ-नऊ तास गाठतानाच दमछाक होते. वडाप जीपच्या एका फेरीचा खर्च एसटीपेक्षा कमी असतो, पण डिझेल नऊ जणांत वाटलं जातं. वडाप टिकतं ते एसटी जिथं जात नाही तिथं, किंवा एसटीच्या वेळा सोडून. प्रादेशिक विमानाचा धंदा अगदी हाच आहे. त्याची फेरी कमी खर्चाची असते, सीट नाही. ‘लो कॉस्ट’ या शब्दात ही गफलत लपते.

छोट्या जेटचं गणित आणखी नाजूक. ७६ सीटचं एम्ब्रेअर १७५ वेगवान आहे, लांबचे मार्ग करतं, उन्हाळ्यात धक्के कमी बसतात, पण छोट्या अंतरावर एटीआरच्या जवळपास दुप्पट इंधन खातं. सोलापूर–मुंबई उडणाऱ्या स्टार एअरच्या या विमानात १२ सीटा बिझनेस वर्गाच्या आणि ६४ साध्या आहेत. कुणाला ही चैन वाटेल. ज्याचा वेळ महाग आहे त्याच्याकडून जास्त पैसे घेणं हाच तिथं शहाणपणा आहे. सगळ्या सीटा स्वस्तात विकायच्या ठरवल्या तर या विमानानं उडूच नये.

आता कर. टर्बोप्रॉप आणि ४० टनांहून कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावर केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार राज्याचा कर ५ टक्क्यांवर रोखलेला आहे. मोठ्या विमानांना मुंबई, पुणे, रायगड भागात २०२३ पर्यंत २५ टक्के व्हॅट होता, तो १८ झाला. ८० पेक्षा कमी सीटच्या देशांतर्गत नियमित विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंगचं शुल्कही नाही. छोट्याला हा खरा फायदा. मात्र तो विमानाला आहे, कंपनीला नाही. इंडिगोनं २०१७ पासून एटीआर आणली, ती ७८ सीटांची; ८० च्या खाली राहून जेवढ्या बसतील तेवढ्या. म्हणजे तुमची कवचकुंडलं मोठ्यालाही होतात, वर त्याच्याकडे पुढच्या प्रवासाचं अख्खं जाळं.

हे जाळं हीच स्वतंत्र कंपनीची सगळ्यात मोठी उणीव, आणि सोलापूरला ती जास्त जाणवते. इथून मुंबईला जाणारा प्रत्येक जण मुंबईसाठी जात नाही. कुणाला दिल्ली गाठायची असते, कुणाला दुबई. मोठ्या कंपनीचं तिकीट एकाच पीएनआरवर निघतं, बॅग थेट पुढं जाते, पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय तिच्याच गळ्यात. स्वतंत्र कंपनीचा मोठ्या कंपनीशी तिकीट-करार नसेल तर ती दोन वेगळी तिकिटं होतात. मुंबईत बॅग पट्ट्यावरून उचला, टर्मिनल वेगळं असेल तर टॅक्सी करा, पुन्हा चेक-इन. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडाले, दाद मागायला दार नाही. असे दोन-चार जण गावात परतले की पुढचे चाळीस जण थेट रेल्वेला जातात. दोन तिकिटं वेगळी असतील तर मध्ये निदान चार तास ठेवा, आणि आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर आदल्या दिवशीच निघा.

रेल्वेचं नाव निघालं आहे, तर खरा प्रतिस्पर्धी तीच. सोलापूर–मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून ४५५ किलोमीटर साधारण साडेसहा तासांत नेते, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीत. सिद्धेश्वरचा प्रवासी झोपेत प्रवास करतो. त्याचा दिवस वाया जात नाही, हॉटेलचा खर्च वाचतो. विमानाचा तास-सव्वा तास खरा, पण अलीकडे होटगी रोडला एक तास आधी, पलीकडे मुंबईतली वाहतूक धरली की घर ते काम चार तास. दोन-अडीच तास वाचतात, तेही वेळ जुळली तर. दुपारी मुंबईत उतरवणारं विमान व्यापाऱ्याच्या काय कामाचं? सकाळी आठला निघून रात्री आठला परत, याला पैसे मिळतात. पण मुंबईत सकाळ-संध्याकाळचा स्लॉट मिळवणं म्हणजे नवी पेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी लावायला जागा शोधणं. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते. ७२ सीटचं विमान तेवढाच स्लॉट खातं जेवढा २३० सीटचं. विमानतळवाल्याच्या नजरेतून बघितलं तर छोटं विमान म्हणजे वाया घालवलेली जागा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झाल्यानं स्लॉटची कोंडी सैल होईल. मात्र ज्याचं काम फोर्ट किंवा अंधेरीला आहे, त्याचा वाचलेला वेळ पुलावर आणि रस्त्यावर पुन्हा खर्ची पडेल.

रद्द होणाऱ्या विमानांबद्दल इथं ओरड असते, त्यामागचं यंत्र समजून घ्या. समजा कंपनीकडे चार विमानं आहेत. वेळापत्रक चारही विमानांचं भरलेलं असतं, कारण एक राखीव ठेवायचं म्हणजे महिन्याला दीड लाख डॉलर धूळ खात. एखाद्याचा सेन्सर बिघडला, सुटा भाग हैदराबादला किंवा परदेशात आहे, विमान दोन दिवस उभं. आठ खेपा गुणिले दोन, सोळा खेपा गेल्या. त्यातल्या कुठल्या तोडायच्या? विमान आणि क्रू रात्री जिथं मुक्कामाला असतात तिथल्या खेपा शक्यतो वाचवतात. टोकाचं गाव आधी तुटतं. शंभर विमानांची कंपनी हाच बिघाड प्रवाशाला कळूही न देता जिरवते.

वैमानिकांचंही तसंच. एका विमानामागे कप्तान आणि सहवैमानिकाच्या पाच-सहा जोड्या लागतात. नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, पण त्याच वेळापत्रकाला आता जास्त माणसं हवीत. मोठी कंपनी भरती काढते तेव्हा एटीआरचा कप्तान जेटवर जायला उत्सुक असतो. कप्ताननं एक वर्ष आणि सहवैमानिकानं सहा महिने नोटीस द्यायची असा नियम आहे, तरी गळती थांबत नाही. नव्या सहवैमानिकाला कप्तान करायला वर्षं जातात. पंचवीसपैकी तीन कप्तान गेले की उन्हाळ्याचं वेळापत्रक कोलमडतं.

सोलापूरची स्वतःची भर यात आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३–४४ वर. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो. धावपट्टी तेवढीच असते. मग वजन कमी करावं लागतं: काही सीटा रिकाम्या, किंवा इंधन कमी. म्हणून उन्हाळ्यात खेप सकाळी दहाच्या आत हवी. पण जिथं फक्त नजरेच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर नियमांनी उतरायचं असतं, तिथं पाच किलोमीटरची दृश्यता आणि १,५०० फुटांच्या वर ढग लागतात. डिसेंबरच्या सकाळचं धुकं आणि आषाढातले खाली उतरलेले ढग त्या सकाळच्या खेपेलाच आडवे येतात. उपकरणांच्या आधारे उतरण्याची पद्धत आणि रात्रीचे दिवे, या दोन गोष्टी कुठल्याही अनुदानापेक्षा मोलाच्या आहेत. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची ९० मीटरची चिमणी पाडली तेव्हा उतरण्याच्या वाटेतला एक अडथळा गेला. वेळापत्रक भरवशाचं होण्याची अर्धी लढाई त्यापुढे सुरू होते.

पैशाचा पुरवठा हा विषय फारसा कुणी काढत नाही, आणि कंपन्या बहुधा तिथंच मरतात. छोट्या कंपनीला तेल कंपन्या उधारी देत नाहीत. आधी पैसे, मग इंधन. विमान भाड्यानं देणारे काही महिन्यांची अनामत मागतात, तीही डॉलरमध्ये, आणि तिकीट विकलं जातं रुपयात. कार्डाचे पैसे गोळा करणारी बँक नव्या कंपनीची काही रक्कम उड्डाण होईपर्यंत अडकवून ठेवते, कारण कंपनी बुडाली तर परतावा तिला द्यावा लागतो. सरकारी तूटभरपाई उड्डाणानंतर, दावा तपासून मिळते. या चारही गोष्टी एकाच दिशेनं ओढतात: पैसे आज बाहेर, आत नंतर. कागदावर नफ्यात असलेली कंपनी यात तीन महिन्यांत गुदमरते. एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, एअर कोस्टा २०१७ मध्ये, ट्रूजेट २०२२ मध्ये. तिघींकडेही विमानं मोजकी होती. रडगाणं प्रत्येकीचं वेगळं, पण पैसा अडला की एवढ्या छोट्या ताफ्याला सावरायला जागा नसते.

आता अनुदान. छोट्या गावांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या उडान योजनेत साधारण निम्म्या सीटा ठरावीक दरात विकायच्या आणि त्यांची तूट तीन वर्षं सरकार भरतं. त्या मार्गावर तीन वर्षं दुसरा कुणी येत नाही. सोलापूर–गोवा सेवा फ्लाय९१ नं ९ जून २०२५ ला सुरू केली. मुंबईच्या मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळानं उडान लागू होईपर्यंत एक वर्षासाठी सीटमागे ३,२४० रुपये तूटभरपाई मंजूर केली, आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरचं विमान उडालं. मंजूर रक्कम १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. ती कशी आली ते बघा: ७६ सीटा, रोज दोन खेपा, ३६५ दिवस, गुणिले ३,२४०. तंतोतंत जुळते. म्हणजे सोलापूरला मुंबईचं रोज एक विमान टिकवायची किंमत वर्षाला अठरा कोटी, असं सरकारनंच लिहून दिलं आहे. वर हिशेब करताना निघालेली माणशी तूट, म्हणजे ६,०८० वजा तिकिटाचे ३,०००, याच घरातली आहे, हे लक्षात आलं असेलच.

मग मदत संपल्यावर काय होतं? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांचा हिशेब आहे. ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली. त्यापुढेही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. आणि तीन वर्षं रेटून मार्ग भरायला लागला की मोठी कंपनी बाजार आयता घ्यायला येते. तिला फक्त त्या एका मार्गावर सहा महिने दर पाडायचे असतात. तिच्या शेकडो मार्गांपैकी तो एक, तुमच्या वीसपैकी एक.

म्हणून ‘स्वतंत्र आणि स्वस्त’ या जोडीतला ‘स्वस्त’ सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतंत्र राहायचं तर चार गोष्टी जमल्या पाहिजेत: एकाच जातीची विमानं, मोठ्याला नको असलेल्या गावांच्या जोड्या, एका तरी मोठ्या कंपनीशी तिकीट-करार, आणि रोजच्या खेपा कमी असल्या तरी चालतील पण वेळेवर. सोलापूरपुरतं बोलायचं तर पुण्याचा मार्ग विमानाचा नाहीच. अडीचशे किलोमीटरला गाडी जिंकते. गोवा बरा, कारण रेल्वे-रस्ता दोन्ही आडवळणाचे. बंगळूर चांगला, तिकडे नोकरीला गेलेली पोरं आहेत. पूर्व भागातली तेलुगू वस्ती आणि बालाजीचे भक्त लक्षात घेतले तर हैदराबादमार्गे तिरुपती करून बघण्यासारखं आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरचा यात्रेकरू धरायचा तर विमानासोबत पुढच्या गाडीचंही तिकीट एकत्र विकायला हवं; नवरात्रात आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सीटा भरतील, पण धंदा ठरतो तो जुलैमधल्या मंगळवारी किती भरल्या यावर.

आणि तो मंगळवार भरणं थोडं तुमच्या हातात आहे. अमेरिकेतली छोटी गावं कंपनीला किमान उत्पन्नाची हमी देतात. इथं व्यापारी संघटना, कारखाने, रुग्णालयं, महाविद्यालयं मिळून रोज दहा सीटा आगाऊ कूपननं घेऊ शकतात. महिन्याचे २६ दिवस, दोन्ही बाजू, म्हणजे ५२० कूपनं; पाच हजारांनी २६ लाख. शंभर संस्थांत वाटले तर प्रत्येकीला २६ हजार आणि पाचेक कूपनं, जी ती महिन्याभरात वापरेल किंवा गिऱ्हाइकाला देईल. बदल्यात दर कमी मागू नका. करारात लिहून घ्या की विमान रात्री सोलापुरात मुक्कामाला राहील, सकाळी आठच्या आत सुटेल, आणि महिन्यात ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त खेपा रद्द झाल्या तर पुढच्या महिन्याची कूपनं निम्म्या दरात मिळतील. रात्रीचा मुक्काम ही यातली सगळ्यात अवघड अट आहे. क्रूची हॉटेलं, एक इंजिनिअर आणि थोडे सुटे भाग इथं ठेवावे लागतात. कंपनी त्यालाच नकार देईल, तेव्हा तुमची बोलणी तिथूनच सुरू करा.